गुळवेलीच्या अर्कातला एक टक्का: सातारा जिल्ह्यातल्या एका ॲडज्युव्हंट प्रयोगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात एम.फार्म.च्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी विषय घेतला होता: गुळवेलीच्या खोडातले पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, लशीत ॲडज्युव्हंट म्हणून काम करते का? ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

शुद्ध केलेले प्रथिन एकटेच टोचले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. त्याच्यासोबत धोक्याची सूचना देणारे काहीतरी लागते, आणि ते काम ॲडज्युव्हंट करतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गॅस्टन रामोन यांना १९२५च्या सुमारास दिसले की घटसर्पाचे प्रतिविष मिळवण्यासाठी ज्या घोड्यांना टोचले जाते, त्यांतल्या टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त उतरते. मग त्यांनी टॅपिओका, स्टार्च असे घरगुती पदार्थसुद्धा मुद्दाम मिसळून पाहिले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी तुरटीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या क्षाराचा, मार्ग दाखवला आणि तो आजही चालू आहे. वनस्पतींपैकी खरे यश मिळाले ते चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनला. गुराढोरांच्या लाळ्या-खुरकूत लशींमध्ये ते अनेक दशके वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केलेल्या आणि पुण्यात तयार होणाऱ्या आर२१ या मलेरिया लशीतला मॅट्रिक्स-एम हा ॲडज्युव्हंटही त्याच सालीतून येतो.

तेव्हा "झाडपाल्यातून ॲडज्युव्हंट" ही कल्पना भाबडी नव्हती. गुळवेलीची निवडही हवेतली नव्हती. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून जी१-४ए हे पॉलिसॅकराइड (अरबिनोगॅलॅक्टन) वेगळे केले होते आणि ते पेशींवरच्या टीएलआर४ या धोका ओळखणाऱ्या ग्राहीमार्फत काम करते असे मांडले होते. या प्रकरणात हा तपशील पुढे फार अडचणीचा ठरला.

पहिला प्रयोग

मांडणी पुस्तकी आणि ठीक होती. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घेतलेली. सहा आठवड्यांच्या मादी उंदरांचे चार गट, प्रत्येकी सहा. प्रतिजन, म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिकार घडवायचा तो पदार्थ, म्हणून ओव्हाल्ब्युमिन हे अंड्यातले प्रथिन, दर डोसला २० मायक्रोग्रॅम. पहिल्या गटाला ते नुसते सलाइनमध्ये, दुसऱ्याला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेलसोबत, तिसऱ्याला २०० मायक्रोग्रॅम गुळवेल अर्कासोबत. चौथ्या गटाला नुसता अर्क. ०.१ मिली त्वचेखाली, पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी. अठ्ठाविसाव्या दिवशी रक्त घेऊन एलायझा, म्हणजे प्रतिपिंड मोजणारी चाचणी.

निकाल पाहून विभागात पेढे वाटायचेच राहिले होते. सलाइन गटाचा मध्यक टायटर (रक्त किती पट विरळ केले तरी प्रतिपिंड सापडतात तो आकडा) १:१,६००, ॲल्युमिनियम गटाचा १:५१,२०० आणि गुळवेल गटाचा १:२५,६००. शिवाय प्रतिपिंडांचा आयजीजी२ए हा उपप्रकार ॲल्युमिनियमच्या गटात जवळपास नव्हता आणि गुळवेल गटात भरपूर होता. ॲल्युमिनियम प्रामुख्याने आयजीजी१ वाढवते. आयजीजी२ए वाढणे हे पेशीय प्रतिकाराकडे झुकल्याचे लक्षण. वनस्पतीज ॲडज्युव्हंटवर काम करणाऱ्या कुणालाही हवाहवासा वाटेल असाच हा निकाल होता. परिषदेसाठी सारांश लगेच पाठवला गेला.

प्राणीगृहाच्या नोंदवहीत मात्र आणखी एक ओळ होती. तिथले काम पाहणाऱ्या मामांनी पहिल्या टोचणीच्या संध्याकाळी लिहिले होते: "तिसरा, चौथा पिंजरा – केस पिंजारलेले, एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेत, खाणं कमी." दुसऱ्या दिवशी: "ठीक." चौथ्या गटाला प्रतिजन दिलेच नव्हते, तरी तेही उंदीर आजारी दिसले. अर्क स्वतःच तापासारखे काहीतरी करतो आहे, एवढे या एका ओळीतून कळत होते. ती ओळ प्रबंधाच्या मसुद्यात आली नाही, कारण "चोवीस तासांत सर्व प्राणी सामान्य" एवढेच नमुन्याच्या रकान्यात मागितले होते.

कुठे खटकले

ऑगस्टमध्ये अर्काचा दुसरा घाणा काढला. तो कराडच्या एका प्रयोगशाळेत रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर तपासायचा होता. पहिल्या घाण्याने या पेशी टीएनएफ-अल्फा हे दाह घडवणारे प्रथिन भरभरून सोडत होत्या. दुसऱ्या घाण्याने जेमतेम.

विद्यार्थिनीचे स्पष्टीकरण तयार होते. "मॅडम, पहिली वेल एप्रिलमधली, ही पावसाळ्यातली. ऋतूप्रमाणे घटक बदलतात ना."

मार्गदर्शक मॅडमनी उलट विचारले, "वेल बदलली हे खरं. पण आणखी काय बदललं? दोन्ही वेळचं वहीतलं पान समोर ठेव."

पाने शेजारी ठेवल्यावर फरक एकच निघाला. एप्रिलमध्ये ठेचलेले खोड स्टीलच्या पातेल्यात, पाण्यात, रात्रभर टेबलावर भिजत होते. ऑगस्टमध्ये टेबल पदविकेच्या प्रात्यक्षिकाला लागणार होते म्हणून पातेले फ्रीजमध्ये गेले होते.

अर्क कसा बनला होता

इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण प्रकरणाचे मूळ याच पद्धतीत आहे. कडुनिंबावर चढलेल्या वेलीचे बोटभर जाडीचे खोड, ताजे एक किलो. धुऊन, ठेचून चार लिटर डिस्टिल्ड पाण्यात बारा तास. मलमलीतून गाळून, पाण्याच्या तिप्पट अल्कोहोल घालून साका खाली बसवायचा. साक्यातली प्रथिने क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉलने (४:१) हलवून काढायची. १२–१४ हजार डाल्टनच्या (त्याहून लहान रेणूच बाहेर जाऊ देणाऱ्या) सेल्युलोज नळीत भरून दोन दिवस डायलिसिस, पाणी बदलत. शेवटी गोठवून वाळवणे. गुळवेल सत्त्व घरी काढतात त्याचेच हे प्रयोगशाळेतले धाकटे भावंड.

एप्रिलच्या उकाड्यात खोडातली साखर विरघळलेले पाणी बारा तास उघडे राहिले तर त्यात जिवाणू वाढणारच. त्यांतले ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू, म्हणजे माती-पाण्यातले स्युडोमोनास, एंटेरोबॅक्टर वगैरे, आपल्या बाहेरच्या आवरणातले लायपोपॉलिसॅकराइड, थोडक्यात एलपीएस किंवा एंडोटॉक्सिन, पाण्यात सोडतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या ते काढण्याऐवजी जपतात, ही खरी गोम. अल्कोहोलने पॉलिसॅकराइड बसते तसे एलपीएसही बसते. क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉल प्रथिने काढते, एलपीएसला फारसे हात लावत नाही. डायलिसिसच्या नळीतून ते जात नाही, कारण पाण्यात त्याचे रेणू एकत्र येऊन लाखो डाल्टनचे गोळे बनतात. ०.२२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू अडवते, एलपीएस नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला जिवाणू मरतात, एलपीएस शाबूत राहते. म्हणजे नमुना "निर्जंतुक" असतो आणि तरीही भरलेला असतो.

भर म्हणून डायलिसिसचे पाणीही साठवणीतले. डिस्टिल्ड पाण्याच्या प्लॅस्टिक कॅनची तोटी काढून पाहिली तर आतल्या बाजूला बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता. पाणी रोज भरले जायचे, कॅन आतून कधी धुतला गेला ते कुणालाच सांगता आले नाही.

रासायनिक चाचण्यांत यातले काही दिसले नाही. फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची चाचणी एकूण साखर मोजते, आणि एलपीएसमध्येही साखरच असते. एक टक्क्याची भेसळ इन्फ्रारेड आलेखात ओळखू येत नाही.

पर्याय कोणते होते

पहिला पर्याय मोह पाडणारा: ऋतुमानाचा फरक म्हणून दुसरा घाणा बाजूला ठेवायचा आणि पहिल्या निकालावर प्रबंध लिहायचा. परीक्षकांनी विचारले असते असे नाही. या विषयावरच्या कितीतरी लेखांत एंडोटॉक्सिनचा आकडाच नसतो. मॅडमनी तो नाकारला आणि परिषदेचा सारांश मागे घेतला. खरे तर दुसऱ्या घाण्याच्या निकालानंतर तो तसाच राहू देणे शक्यच नव्हते.

दुसरा, टीएलआर४ निकामी असलेल्या सी३एच/एचईजे उंदरांवर प्रयोग. एलपीएस टीएलआर४मार्फत काम करते, म्हणून या उंदरांत परिणाम गेला तर दोष एलपीएसचा, असे सरधोपट गणित. पण गुळवेलीचे पॉलिसॅकराइडही टीएलआर४वरच बसते असा आधीचा दावा आहे. मग परिणाम नाहीसा झाला तरी चोर कोण ते कळत नाही. उंदीर मिळवायचा खर्च बाजूला ठेवला तरी हा प्रयोग उत्तर देणारच नव्हता. अनेक गट इथेच फसतात.

तिसरा, अर्क उकळून पाहणे. हाही निरुपयोगी. उकळल्याने प्रथिने बिघडतात. पॉलिसॅकराइड आणि एलपीएस दोन्ही टिकतात.

चौथा, पेशींवरच्या चाचणीत पॉलिमिक्सिन-बी घालणे. ते एलपीएसच्या लिपिड-ए भागाला पकडून निकामी करते. स्वस्त आणि दोन दिवसांत होणारे. पण एलपीएस फार असेल तर पॉलिमिक्सिन कमी पडते, आणि स्वतः धनभारित असल्याने आम्लधर्मी पॉलिसॅकराइडलाही चिकटू शकते. सूचक आहे, निर्णायक नाही.

पाचवा, गुळवेल सोडून रिठ्याच्या सॅपोनिनकडे वळणे. सॅपोनिन तांबड्या पेशी फोडते. क्विलायाच्या क्यूएस-२१लाही हा दोष आहे आणि मानवी लशींत त्याला कोलेस्टेरॉलयुक्त लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म फुग्यांत, बांधून शांत करावे लागते. ती सोय नसताना रिठा टोचणे म्हणजे नवे दुखणे मागून घेणे.

शेवटी क्रम ठरला तो असा: आधी एलपीएस मोजायचे, मग पेशींवर पॉलिमिक्सिन, मग स्वच्छ अर्क बनवायचा आणि सगळ्यात शेवटी उंदीर.

मोजणी

एंडोटॉक्सिन मोजायला एलएएल चाचणी वापरली. नालखेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क एंडोटॉक्सिन दिसताच गोठतो. साधी जेल-क्लॉट पद्धत: ०.१ मिली नमुना, ०.१ मिली अभिकर्मक, ३७ अंशाला एक तास, मग नळी एकदाच १८० अंशात उलटी करायची. गोळा घट्ट राहिला तर होकारार्थी. या तासात नळीला धक्का लागला तर गोळा मोडतो आणि खोटे नकारार्थी उत्तर मिळते. पहिल्या दिवशी तसेच झाले, कारण त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज चालू होते.

अभिकर्मकाची संवेदनशीलता मिलीला ०.१२५ एंडोटॉक्सिन एकके. पहिल्या घाण्याचे मिलीला एक मिलिग्रॅमचे द्रावण १:८ लाख विरळ केल्यावरही गोठवत होते. ०.१२५ गुणिले आठ लाख, म्हणजे मिलिग्रॅमला सुमारे एक लाख एकके. दहा एकके म्हणजे ढोबळमानाने एक नॅनोग्रॅम, या हिशेबाने अर्काच्या वजनात एक टक्का एलपीएस. प्रत्येक उंदराला २०० मायक्रोग्रॅम अर्कातून दर वेळी सुमारे दोन मायक्रोग्रॅम एलपीएस जात होते. तुलनेसाठी, टोचण्याच्या पाण्यात मिलीला ०.२५ एककापेक्षा जास्त चालत नाही.

लगेच विश्वास ठेवला नाही हे बरे. एलएएलमधला फॅक्टर-सी हा घटक एलपीएसला प्रतिसाद देतो, पण फॅक्टर-जी हा दुसरा घटक बीटा-ग्लुकन या वेगळ्या पॉलिसॅकराइडलाही देतो. आणि सेल्युलोजची डायलिसिस नळी, मलमल, कागदी गाळणी यांतून बीटा-ग्लुकन सुटते. म्हणून ग्लुकन अडवणाऱ्या बफरमध्ये चाचणी पुन्हा केली. आकडा किंचित उतरला, पण लाखाच्या घरातच राहिला. नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते पूर्ण मोजले जाते का, हेही पाहिले. एरवी पॉलिसॅकराइड चाचणीत अडथळा आणू शकते.

रिकामा अर्कही काढला: तेच पातेले, तेच कॅनचे पाणी, तेच बारा तास, फक्त गुळवेल नाही. त्यातही एंडोटॉक्सिन सापडले, पण पहिल्या घाण्याच्या तुलनेत फारच थोडे. कॅनमधून बीज येत होते आणि पीक गुळवेलीच्या साखरेवर येत होते. ओव्हाल्ब्युमिनही तपासले आणि तेही स्वच्छ निघाले नाही. साध्या प्रतीचे ओव्हाल्ब्युमिन एंडोटॉक्सिनने दूषित असणे ही या क्षेत्रातली जुनी, परिचित डोकेदुखी आहे. म्हणजे सलाइनचा "तुलना गट"सुद्धा कोरा नव्हता.

पेशींवर मिलीला १० मायक्रोग्रॅम पॉलिमिक्सिन घातल्यावर पहिल्या घाण्याचा टीएनएफ-अल्फा बराच खाली आला. दिशा आता पक्की झाली.

यात एक गमतीचा भाग आहे. एलपीएस हेही नैसर्गिक द्रव्यच, आणि ॲडज्युव्हंट म्हणून अव्वल. नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीत क्यूएस-२१सोबत ५० मायक्रोग्रॅम एमपीएल असते. ते साल्मोनेला जिवाणूच्या एलपीएसचा विषारीपणा रासायनिक प्रक्रियेने उतरवून बनवलेले असते. तेव्हा प्रयोगात ॲडज्युव्हंट परिणाम खराच होता. फक्त तो पातेल्यातल्या जिवाणूंचा होता, वेलीचा नव्हता. आणि सत्त्व घेऊन कुणाला ताप का येत नाही? कारण ते पोटात जाते. आतड्यात एलपीएस एरवीही मुबलक असते. त्वचेखाली टोचणे ही वेगळी गोष्ट.

स्वच्छ अर्क

आधी गरम पाण्याचा मार्ग पाहिला: खोड थेट ८५ अंशाच्या पाण्यात, म्हणजे जिवाणू वाढायला वेळच नाही. पण गुळवेलीत स्टार्च भरपूर असल्याने त्याची खळ झाली आणि मलमल तुंबली. तो मार्ग सोडला.

मग थंड मार्ग. खोडाची पातळ साल सोलून, ७० टक्के अल्कोहोलने पुसून, औषधाच्या दुकानातून आणलेल्या टोचण्याच्या निर्जंतुक पाण्यात ४ अंशाला फक्त दोन तास. स्टार्च सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून वरचे पाणी त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये. डायलिसिस शीतपेटीत, त्याच प्रतीच्या पाण्यात. उतारा पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

काचेची भांडी २५० अंशाला अर्धा तास कोरडी भाजली. विभागातला हॉट एअर ओव्हन १६० अंशाला दोन तास चालवायची सवय होती. त्याने निर्जंतुकीकरण होते, एंडोटॉक्सिन जळत नाही. शेवटी रसायनशास्त्र विभागाची मफल भट्टी मागून आणली. कापसाचे बोळे त्या तापमानाला करपतात, म्हणून तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल. प्लॅस्टिक टाळले, कारण एलपीएस त्याला चिकटून बसते आणि नंतरची मोजणी खोटी कमी येते.

एवढे करूनही मिलिग्रॅमला शंभरेक एकके उरली. खोडाच्या आत राहणारे जिवाणू कुठे जाणार? पॉलिमिक्सिन बसवलेल्या ॲगारोजच्या स्तंभातून दोनदा काढल्यावर आकडा दहाच्या खाली आला. स्तंभात पॉलिसॅकराइडच अडकून राहते का, हे आधी-नंतरची साखर मोजून तपासले. थोडी गळती झाली, चालण्यासारखी.

दुसरा प्रयोग आणि निष्पत्ती

नैतिकता समितीने रास्त प्रश्न विचारला: दूषित अर्क पुन्हा प्राण्यांना का द्यायचा? उत्तर असे की ओव्हाल्ब्युमिन आता कमी एंडोटॉक्सिनचे होते, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना करता येत नव्हती. समितीने परवानगी दिली, पण दर चार तासांनी लक्षणांची गुणनोंद आणि प्रयोग कधी थांबवायचा याची मर्यादा लिहून घेतली.

सहा गट झाले. ओव्हाल्ब्युमिन सगळ्यांना, सोबत अनुक्रमे सलाइन, ॲल्युमिनियम, जुना घाणा, स्वच्छ अर्क, दोन मायक्रोग्रॅम शुद्ध एलपीएस, आणि स्वच्छ अर्कात तेवढेच एलपीएस. मध्यक टायटर: सलाइन १:४००, ॲल्युमिनियम १:२५,६००, जुना घाणा १:१२,८००, स्वच्छ अर्क १:८००, एलपीएस १:१२,८००, मिश्रण १:१२,८००. स्वच्छ अर्क आणि सलाइन यांच्यात एका पायरीचा फरक. दुप्पट-विरळ एलायझात तो मोजणीच्या चुकीतच जातो. आयजीजी२ए वाढले ते फक्त एलपीएस असलेल्या तीन गटांत. केस पिंजारले तेही त्याच तीन गटांचे.

सलाइनचा टायटर १:१,६०० वरून १:४०० वर आला, याचे श्रेय बहुधा स्वच्छ ओव्हाल्ब्युमिनचे.

प्रबंधात निष्कर्ष मोजून मापून लिहिला: या पद्धतीने काढलेल्या, या मात्रेच्या, त्वचेखाली दिलेल्या अर्कात ॲडज्युव्हंट परिणाम दिसला नाही. जी१-४एचा दावा यामुळे खोटा ठरत नाही. तो वेगळा, अधिक शुद्ध केलेला अंश आहे, आणि स्तंभात नेमका तोच थोडा गळाला असण्याची शक्यता उरते. प्रबंध एका सत्राने लांबला. एंडोटॉक्सिनचे प्रकरण त्याचा सगळ्यात मोठा भाग झाले.

वेगळे काय करता आले असते

एलएएल चाचणी उत्तर तासाभरात देते. ती पहिल्या टोचणीआधीच हवी होती, अर्कासाठी आणि प्रतिजनासाठीही. रिकाम्या अर्काला तर खर्चच नाही.

वेगवेगळ्या दिवशी काढलेले किमान दोन घाणे पेशींवर सारखे वागतात हे पाहिल्याशिवाय प्राण्यांकडे जायला नको होते. घाणे जुळले नसते तर एप्रिलमध्येच शंका आली असती. शुद्ध एलपीएसचा गटही पहिल्याच प्रयोगात बसला असता, नुसत्या अर्काच्या गटाला न वगळता.

प्राणीगृहाची नोंदवही आता दर सोमवारी मार्गदर्शकांसमोर उघडली जाते आणि नमुन्यात "पहिल्या सहा तासांतले वर्तन" असा वेगळा रकाना आहे.

एका बाबतीत मतभेद राहिला. सहमार्गदर्शकांच्या मते स्वच्छ अर्क २०० ऐवजी ५०० मायक्रोग्रॅमवरही पाहायला हवा होता. मॅडमच्या मते पेशींवर काहीच दिसत नसताना आणखी उंदीर मागणे समितीपुढे टिकले नसते. पुढचा प्रस्ताव त्यामुळे आयन-विनिमय स्तंभावर वेगळ्या केलेल्या अंशांचा आहे, आणि त्यात अट घातली आहे: लागोपाठ दोन घाणे मिलिग्रॅमला दहा एककांखाली आल्याशिवाय प्राण्यांसाठीचा अर्ज भरायचा नाही.